शिट्टी आणि लाल चिंदी

माझा मुलगा म्हणतो, "आई, तुमच्या वेळेपेक्षा आताचा फुटबॉल शंभर पटीनं चांगला." भिंतीवर एवढा थोरला टीव्ही लावून ठेवलाय त्यानं. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो, पायाचा अंगठा रेषेच्या आत होता की बाहेर तेही दिसतं. मी म्हणते, "दिसतं रे बाबा, सगळं दिसतं. पण मी समोर कशाला बसलेय, ते एकदा समजावून सांग." यावर तो हसतो आणि रिमोट घेऊन बसतो.

आता मला काही जुन्याचे गोडवे गायची खोड नाही. जुनं कसं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या मैदानावर गवताची काडी नव्हती. पडला की गुडघा सोलून निघायचा, आणि हळद भरायला मी बसायची. तरीपण प्रश्न मीच विचारलाय, तर उत्तरही मीच देते. उत्तर जरा लांब आहे, कारण त्यात आमचे हे येतात, आणि त्यांचे कान येतात.

लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं, पण सासरचे सगळे पोटापाण्यासाठी लिंबायतच्या एका खोलीत. हे उधन्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात कारीगर. कारखान्याला इकडे सगळे खातंच म्हणतात. बारा तासांची पाळी, आणि आत आवाज असा की शेजारी उभा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसायचे. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी मागून विचारायची, "चहा टाकू का?" उत्तर नाही. "बाजारातून काय आणू?" उत्तर नाही. मला वाटलं, झालं, नवऱ्याला आपण पसंत नाही. कोपऱ्यात बसून मुळूमुळू रडले मी. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना हसूच आवरेना.

"येडी का काय तू! समोर जाईसन बोल ना. लूमनी त्याना कान खादात."

पूर्ण गेले नव्हते कान. समोर उभं राहून, तोंडाकडे बघू देऊन बोललं की बरंच कळायचं. खात्यातले सगळेच थोड्याफार फरकानं तसे. म्हणून त्यांची हातांची एक बोली तयार झाली होती. दोन बोटं कातरीसारखी केली की धागा तुटला, अंगठा ओठाला लावला की चहा, आणि मिशीवरून हात फिरवला की शेठ आला. हे घरीही तसंच बोलायचे. मीठ जास्त झालं तर काय खूण करायचे ते नाही सांगत.

खात्याच्या मागे, भिंत आणि रेल्वेचे रूळ यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा होता. सुट्टीच्या दिवशी कारीगर तिथे फुटबॉल खेळायचे. क्रिकेट आधी खेळून झालं होतं, पण चेंडू रुळांपलीकडे जायचा आणि शेजारच्या खात्याच्या खिडक्या फुटायच्या. मग भुसावळचे एक काका आले. ते रेल्वेत होते, तरुणपणी रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल खेळलेले. उंच, काळेसावळे, बोलायला गोड. भेटले की दुरूनच "जय भीम, मंडळी" म्हणून हात वर करायचे. त्यांनीच जुना चेंडू आणला, नियम शिकवले आणि गळ्यात शिट्टी अडकवून रेफरी झाले.

पहिल्याच दिवशी शिट्टीची फजिती झाली. काका शिट्टी फुंकताहेत, गाल फुगलेत, डोळे बाहेर आलेत, आणि आमची मंडळी आपली खेळतायत! गोल करून एकमेकांच्या गळ्यात पडले. काका धावत गेले, "अरे, फाऊल होता तो!" कोणाला पटेना. शिट्टी ऐकलीच नव्हती कोणी. मग प्रत्येक वेळी भांडण, कॉलर धरणं, आईबहिणीवर जाणं. काका वैतागले. पण आयुष्यभर गाडीला झेंडी दाखवलेला माणूस तो. पुढच्या सुट्टीला त्यांनी साडीचा लाल तुकडा आणला. आम्ही सुरतवाले असल्या उरल्यासुरल्या कापडाला चिंदी म्हणतो. लाल चिंदी वर गेली की खेळ बंद. आणि भांडणाला जागाच नको म्हणून त्यांनी वर आणखी एक नियम केला. ज्याच्या पायात चेंडू असेल त्यानं तो दोन्ही हातांनी उचलायचा, जागेवर ठेवायचा आणि हात वर करून दोन पावलं मागे व्हायचं; बाकीच्यांनी जागच्या जागी हात वर करायचे.

पण काकांकडे पाठ असेल तर त्यांची चिंदी दिसणार कशी? म्हणून मग बघणाऱ्यांना कामाला लावलं. मैदानाच्या चारी बाजूंना जे कोणी उभे असतील त्यांच्या हातात एकेक लाल चिंदी. काकांची शिट्टी ऐकली की आपली चिंदी वर. आम्हा बायकांकडे चिंद्यांना काय तोटा? घरोघर साड्यांना लेस लावायचं, टिकल्या चिकटवायचं काम चालायचं. आणि आमचे कान शाबूत होते. गोलच्या मागची जागा माझी, कारण ह्यांचं तोंड जास्त वेळ तिकडेच असायचं.

खरं सांगते, त्याआधी मला खेळबिळ काही कळत नव्हतं. पण हातात चिंदी आली आणि नजर हलेना. शेजारणीशी बोलायची सोय नाही, चण्याची पुडी सोडायची सोय नाही. आपण चुकलो तर अकरा माणसं चुकणार. सासूबाईसुद्धा यायच्या. त्यांचा कायदा वेगळाच. मुलाला कोणी नुसता धक्का दिला तरी ह्या चिंदी नाचवायच्या आणि खेळ ठप्प! काका हात जोडायचे, "मावशी, तुमची चिंदी घरी ठेवून या हो." सासूबाई म्हणायच्या, "तू मना पोऱ्याले संभाळ, मी चिंदी संभाळस." सगळं मैदान हसायचं, आणि ज्यांना ऐकू येत नव्हतं ते इतरांना हसताना बघून हसायचे.

असं चाललेलं असताना मुलगा झाला, तोच, आताचा टीव्हीवाला. तो पाळण्यात रडायचा आणि हे दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे भाकरी खायचे. एकदा मी रागानं म्हटलं, "पोरगं आक्रोश करतंय, दिसत नाही का?" हे उठून पाळण्यापाशी गेले, तोंड बघितलं आणि म्हणाले, "मला वाटलं जांभई देतोय." आधी जवळचं रडणं तरी कळायचं. कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर गुजरातीत म्हणाले, गेलेलं येणार नाही. आवाज सोडला तर उरलंय ते राहील. आवाजातच राहिला तर तेही जाईल. मी हे घरी येऊन ह्यांना समोर बसवून सांगितलं. हे माझ्या ओठांवरचं वाचून म्हणाले, "लूम सोडून दुसरं येतं काय मला?"

येत होतं. फुटबॉल येत होता. भुसावळच्या काकांनीच बातमी आणली. हजिऱ्याकडच्या एका कंपनीचा फुटबॉल संघ होता आणि चांगला खेळणारा कामगार त्यांना हवा होता. काम स्टोअरमध्ये, सामान आत-बाहेर करायचं. आवाज नाही. कंपनीची बस, कँटीन, कायमची नोकरी. काकांनी तिथल्या साहेबांना गाठून आमच्या संघाशी एक मॅच ठरवली. साहेब म्हणाले, बघू तर द्या कसा खेळतो. मला नोकरीपेक्षा त्या 'आवाज नाही'चंच अप्रूप होतं. पोरगं बोलायला लागेल तेव्हा त्याचं 'पप्पा' ह्यांच्या कानात पडलं पाहिजे, बस, एवढंच डोक्यात. देवाजवळ दुसरं काही मागितलं नाही मी त्या दिवसांत.

मॅचसाठी एकसारखे शर्ट हवेत म्हणून पलसाण्याच्या डाईंगमध्ये काम करणाऱ्या एकानं सगळ्यांचे पांढरे गंजी पिवळे करून आणले. पाठीवर नंबर आम्ही बायकांनी शिवले. ह्यांचा दहा. रंग मात्र असा कच्चा की टेम्पोतून हजिऱ्याला पोचेपर्यंत घामानं सगळ्यांच्या माना पिवळ्या झाल्या. काका म्हणाले, "मॅचला चाललोय की हळदीला?"

कंपनीचं मैदान बघून मी थक्क झाले. खरंखुरं गवत, चुन्याच्या रेषा, गोलला जाळी. रेफरी काळ्या कपड्यातला तरुण, चांदीसारखी चकचकीत शिट्टी. काकांनी त्याला चिंद्यांचं सांगितलं. आवाजात राहून आमच्या पोरांना शिट्टीची सवय नाही, एवढंच म्हणाले, कानांचं नाव काढलं नाही. तो हसला, "लहराइए, जितना जी चाहे." आम्ही चारी बाजूंना पांगलो. मी गोलच्या मागे, माझ्यापासून थोड्या अंतरावर खुर्चीत साहेब.

पहिला अर्धा काय खेळले हे! ऐकू येत नाही म्हणून ह्यांना सारखं बघायची सवय. मान क्षणभर एका जागी नाही. कोण कुठे उभा, कोण कुठून येतोय, सगळं डोळ्यांत. साहेब शेजारच्याला म्हणाले, "ये लड़का देखता बहुत है." मी ऐकलं ते. चिंदी छातीशी घट्ट धरली आणि मनात म्हटलं, चला, सुटलो आपण. तेव्हाच मनानं लिंबायतला पोचून सासूबाईंना सांगूनही झालं माझं.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि पाळी सुटली. बस मैदानापाशी थांबली, कंपनीची तरुण पोरं उड्या टाकत उतरली. केबल नुकतीच घरोघर आली होती. परदेशातल्या मोठ्या मॅचना लोक काय करतात ते ह्या पोरांनी टीव्हीवर बघितलेलं. गालांवर रंग, डोक्यावर टोप्या आणि बांबूंना लावलेले हे मोठाले झेंडे. कंपनीचा रंग लाल! मी जन्मात पहिल्यांदाच असं बघत होते. छान वाटलं हो क्षणभर, जत्रा आल्यासारखं.

त्याच क्षणाला ह्यांच्या पायात चेंडू होता. दोघांना चकवून हे गोलकडे निघालेले. समोर एकटा गोलकीपर, तोही घाबरून अर्धा पुढे आलेला. आणि गोलच्या बाजूला पोरांनी झेंडे वर केले. लालच लाल.

हे थांबले. धावता धावता पायानं चेंडू दाबला, वाकले, दोन्ही हातांनी उचलला, नीट जागेवर ठेवला आणि हात वर करून दोन पावलं मागे झाले. आमचे अकराच्या अकरा जण आपापल्या जागी उभे. सगळे शहाण्या मुलांसारखे हात वर करून.

आधी कोणाला कळलंच नाही काय झालं. मग मैदान हसायला लागलं. "अरे भाई, वॉलीबॉल नहीं है!" कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी पोट धरून खाली बसलं. ह्यांनी बघितलं, सगळे हसतायत, म्हणून हेही थोडं हसले. काहीतरी गंमत झाली असेल असं वाटलं असणार. मग ह्यांनी काकांकडे बघितलं. काकांचा हात खाली. मग माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात खाली. तेव्हा ह्यांचा चेहरा जो झाला तो मी विसरू शकत नाही, आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

रेफरीनं शिट्टी वाजवली, हात लागला म्हणून चेंडू कंपनीवाल्यांना दिला. काका धावत त्या पोरांकडे गेले, हात जोडले. पोरं चांगली होती बिचारी, लगेच झेंडे गुंडाळून ठेवले, एकानं तर कान पकडले. पण ह्यांच्या खेळातली जान गेली ती गेलीच. मॅच बिनगोलाची सुटली.

खेळ संपल्यावर साहेब स्वतः उठून मैदानात आले. हे पाठमोरे चाललेले. साहेबांनी हाक मारली, "ओ दस नंबर!" हे चालतच राहिले. पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. आजूबाजूचे सगळे वळले, हेच तेवढे नाही वळले. मला राहवेना. माझा हात आपोआप चिंदीसकट वर गेला. हे थबकले आणि वळले.

साहेबांनी माझ्या हातातल्या चिंदीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात मला म्हणाले, "बहनजी, हमारे यहाँ सायरन बजे तो सबको भागना पड़ता है. वहाँ कपड़ा कौन दिखाएगा?"

बरोबरच होतं त्यांचं. कान वाचवायला नोकरी हवी आणि नोकरीला कान हवेत. परतीच्या टेम्पोत मला त्या झेंड्यांचा असा राग आला की एकेक काढून जाळावासा वाटत होता. हे म्हणाले, "पोरांचं काय चुकलं? त्यांना बघायची हौस." आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी टेम्पोत सगळ्यांदेखत रडले.

मग काय, हे लूमवरच राहिले. मुलगा बोलायला लागला तोपर्यंत कान बंद झाले होते. मी त्याला आधीपासूनच शिकवलं, पप्पांशी बोलायचं तर समोर जाऊन, गालाला हात लावून, तोंड त्यांच्याकडे करून बोलायचं. त्याचं पहिलं 'पप्पा' ह्यांनी बघितलं. दोनदा म्हणायला लावलं त्याला, आणि मग जाऊन सगळ्या गल्लीत सांगून आले.

मैदानही टिकलं नाही. केबलवर मॅच दिसायला लागल्या, सुट्टीच्या दिवशी चिंदी धरायला माणसं मिळेनात. काका भुसावळला परत गेले. पट्ट्यावर गोदाम उभं राहिलं. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. घरात बसून जगातला उत्तम खेळ दिसत असेल तर उन्हात कोण उभं राहील? मीसुद्धा बघत होतेच की.

आणि आजही बघते. आताची पोरं काय चपळ आहेत! आमच्यातला एकही त्यांच्या पासंगाला पुरला नसता. पण बघणाऱ्याची मजा म्हणाल तर माझं एक गाऱ्हाणं आहे. गोल झाला की आता लोक नाचतात आणि मग मधेच थांबतात. रेफरी कानाला बोट लावतो. कुठल्यातरी खोलीत माणसं टीव्हीवर रेषा आखतात. एवढं मैदान भरून माणसं, पण आनंद करायचा की नाही ते दुसऱ्याला विचारून. इतक्या लोकांनी इतके झेंडे हलवायचे आणि त्यातल्या एकाकडेही कोणी खेळाडू बघत नाही. ते सगळे घरी गेले तरी मॅच होईल. आम्ही गेलो असतो तर आमची झाली नसती.

परवा शनिवारी संध्याकाळी मुलगा टीव्ही लावून बसला होता. हे पलंगावर, पाठीला उशी. मी शेजारी खुर्चीत भाजी निवडत. परदेशातली मॅच, सगळं मैदान झेंड्यांनी लाल. एक पोरगा दोघांना चकवून निघाला आणि त्यानं चेंडू जाळीत मारला. मुलगा ओरडत उभा राहिला. पडद्यावर झेंडेच झेंडे. हे ताठ बसले होते, पण टाळी वाजवेनात. मुलानं समोर जाऊन, गालाला हात लावून सांगितलं, "पप्पा, गोल झाला!" ह्यांनी त्याला हातानं हळूच बाजूला केलं आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"शिटी वाजनी का?"

मी भाजी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, नीट दिसतील असे. हात खाली आहेत हे ह्यांनी बघितलं आणि मग कुठे टाळ्या वाजवायला सुरुवात केली.